चार बोटं डावीकडे

आबा,

रायफलीची माशी मी उलट बाजूला बसवली होती. तुम्हाला ते कळलं होतं, हे मला तुम्ही गेल्यावर बाराव्या दिवशी कळलं. आज एकोणिसावा दिवस आहे. नंदाला सांगून झालं, तरी मधले सात दिवस आणखी कोणाला तरी सांगायचं राहिलं आहे असं वाटत होतं. ज्याला सांगायला हवं होतं तो माणूस एकच होता, म्हणून लिहायला बसलो.

भेटायला येणारे विचारतात, वय किती होतं, डायलिसिस किती महिने चाललं, शेवटची साखर किती होती. मी सगळं बिनचूक सांगतो. नंदा एकदा आतून म्हणाली, "तुम्ही माझ्या बापाचा रिपोर्ट वाचून दाखवताय का?" तिचं बरोबर होतं. पण मला दुसरं काही सांगता येत नाही. अठ्ठावीस वर्षं जळगावच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत बसून पाइपांची आणि जोडांची मापं घेतली. आकडा चुकू द्यायचा नाही, हेच माझं काम. तुम्ही चारचौघांत सांगायचात, "आमना जवाईना आकडा चुकत नही." ते वाक्य आता आठवलं की मला उठून दुसऱ्या खोलीत जावं लागतं.

मागच्या दिवाळीनंतर धुळ्याच्या मुख्यालयातून पत्र आलं. पोलिसांकडच्या जुन्या थ्री नॉट थ्री रायफली केव्हाच मोडीत गेल्या होत्या. त्यातली एक दालनात काचेच्या पेटीत ठेवायची होती आणि ती नीट करून देणारा जुना शस्त्रकारागीर हवा होता. तुम्ही निवृत्त होऊन सतरा वर्षं झालेली, डोळे साखरेनं जवळजवळ नेलेले. तुम्ही मला गाडी काढायला लावलीत. मुख्यालयाच्या मागच्या खोलीत अकरा रायफली भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. सगळ्यांच्या नळ्या आतून बुजवलेल्या, घोड्याची टाचणी काढून टाकलेली. तुम्ही खाली बसलात आणि एकेकीच्या नंबरावरून बोट फिरवत गेलात. आठवीवर बोट थांबलं. शेवटचे आकडे चार, एक, आठ.

"ही," तुम्ही म्हणालात.

तिथला साहेब म्हणाला, "आबा, ही तर सगळ्यांत गंजलेली आहे. त्या पलीकडची घ्या ना, चांगली आहे."

"चांगली तुमाले ठेवा," तुम्ही म्हणालात.

गाडीनं नगावबारी ओलांडली. मग म्हणालात, "ही रतनची होती."

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. तेवढ्या काळात तुमच्या तोंडून धाकट्या भावाचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. नंदाकडून मला एवढंच माहीत होतं की रतनकाका पोलिसात होते, लग्न झालं नव्हतं आणि बंदोबस्ताची गाडी लळिंगच्या उतारावर उलटली तेव्हा गेले. त्या दिवशी त्यांच्या खांद्याला हीच रायफल होती.

सोनगीरच्या तुमच्या घरात, पुढच्या पडवीत, आपण काम मांडलं. मी दर शनिवारी जळगावहून यायचो आणि रविवारी संध्याकाळी परतायचो. माझे हात आणि तुमचे कान, अशी वाटणी होती. दस्त्याचं लाकूड पुसून जवसाचं तेल द्यायचं, ते किती मुरलं हे तुम्ही वासावरून सांगायचात. स्क्रू सुटतो आहे की त्याचं डोकं झिजतं आहे, हे तुम्हाला खाटेवर पडल्या पडल्या आवाजावरून कळायचं. "थांबा, थांबा. तो रडस. तेल टाका आनि च्या प्या." मी चहा प्यायचो. परत आल्यावर स्क्रू सुटायचा.

एक गोष्ट मी तेव्हाच टिपून ठेवली होती. घरात तुम्ही अहिराणी बोलायचात. पाणी, भाकर, औषध, नंदाला हाक, माझी टिंगल, सगळं अहिराणीत. मी जामनेरकडचा, त्यामुळे माझी अहिराणी ऐकून तुम्हाला हसू यायचं. पण कामाचं काही नेमकं सांगायचं झालं की तुमची भाषा बदलायची. चांदमारीच्या, म्हणजे नेमबाजीच्या, मैदानावर पोरांना सांगायचात ती नोकरीतली मराठी निघायची, आवाजही वेगळा. "उजवीकडून डावीकडे. एकच ठोका. बघा." मला त्याची गंमत वाटायची. त्यात एवढं काही अडकलेलं असेल हे मला कळलं नाही.

पहिल्याच आठवड्यात आपलं भांडण झालं होतं. नळीच्या टोकाला गव्हाच्या दाण्याएवढा जो लोखंडी तुकडा उभा असतो, ती माशी. मागे जी खाच असते, तिच्यातून बघत माशी लक्ष्यावर टेकवायची, म्हणजे नेम धरला. तुम्ही म्हणालात, गोळी ज्या बाजूला जाते, माशी त्याच बाजूला सरकवायची. मी म्हणालो, हे उलटं वाटतं. तुम्ही म्हणालात, "उलटं वाटतंय म्हणूनच नवा माणूस चुकतो. गोळी डावीकडे पडली, माशी डावीकडे. चुकीच्या मागे जायचं. मग पुढच्या वेळी गोळी आपोआप मधे येते." मी कागदावर दोन त्रिकोण काढले आणि अर्ध्या तासानं कबूल केलं की तुमचं बरोबर आहे. मग मी आकडा काढला. माशी आणि खाच यांत एकोणपन्नास सेंटीमीटर अंतर. पंचवीस यार्डांवर लक्ष्य. म्हणजे माशी एक मिलिमीटर सरकवली तर गोळी जवळपास पावणेपाच सेंटीमीटर सरकते.

"आम्ही बोटं लावायचो," तुम्ही म्हणालात. "लक्ष्याजवळ जायचं, मधापासून गोळीपर्यंत बोटं ठेवायची. दोन बोटं, तीन बोटं. त्यावर माशी."

"बोट हे माप नाही, आबा. कोणाचं बोट?"

"माझं."

"मग मोजू द्या. तुमच्या बोटांचा तक्ता करतो."

मी खरंच व्हर्नियर काढला. तुम्ही हात काखेत दाबून धरलात आणि हसलात. "माले जाळशात तवय मोजी ल्या." मला जाळाल तेव्हा मोजून घ्या. नंदा दारात उभी होती, ती तुमच्यावर ओरडली. आपण दोघं हसलो.

कामाला सुरुवात करताना तुम्ही दोन गोष्टी बजावल्या होत्या. पहिली, "जशी होती तशी करायची. नवी नको." दुसरी, "माशी शेवटी. ती मी समोर असताना काढायची." दोन्ही मी वहीत लिहून घेतल्या होत्या. वही आत्ता समोर आहे. अक्षर माझंच आहे.

फेब्रुवारीतला तो शनिवार. तुमचं डायलिसिस धुळ्याला, नंदा तुमच्याबरोबर. मी पडवीत एकटा. माशी सोडून सगळं झालं होतं. नळीच्या तोंडावरची टोपी काढली, तिचे दोन्ही कान लळिंगच्या अपघातात वाकले होते, ते सरळ केले. आत माशी दिसली आणि ती मधोमध नव्हती. एका बाजूला चांगलीच सरकलेली होती. मला वाटलं, अपघातात धक्का बसून सरकली. तुम्ही याल तेव्हा सगळं तयार असावं, तुम्ही बोट फिरवावं आणि शाबास म्हणावं, असं माझ्या मनात आलं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या मनात असं यावं, याची मला लाज वाटते. पण आलं होतं.

सोनगीरच्याच तांबटाकडून आणलेली पितळेची दांडी लावून मी माशी ठोकून बाहेर काढली. माशी जिच्यात बसते ती खालची खाच गंजली होती. पॉलिश पेपरनं घासली, बारीक पेपरनं पुन्हा घासली, लोखंड चकाकेपर्यंत. मग माशी परत घातली आणि दोन्ही बाजूंनी मापं घेत घेत बरोबर मध्यावर आणली. दोन शतांश मिलिमीटरच्या आत. माझ्या खोलीतल्या कोणत्याही नगापेक्षा अचूक.

काढण्याआधी ती किती सरकलेली होती, ते मी लिहिलं नाही. बाकी सगळं लिहिलं होतं. प्रत्येक स्क्रूची लांबी, लाकडावरची प्रत्येक चीर. माशीची जागा नाही लिहिली, कारण ती मला चूक वाटली, आणि चूक दुरुस्त झाल्यावर ती कशाला लिहून ठेवायची?

तुम्ही आलात. नंदा आत चूल पेटवायला गेली. तुम्ही खाटेवर बसलात, रायफल मांडीवर घेतलीत आणि अंगठ्याचं नख माशीवरून फिरवलंत. एकदा, दोनदा. मी शाबासकीची वाट पाहत उभा होतो.

"हाई मधोमध कोनी करी?"

"मी. दोन शतांशाच्या आत आहे, आबा."

तुम्ही पुन्हा एकदा नख फिरवलंत. मग भाषा बदलली. "माशीवरून खाली खाचेपर्यंत एक रेघ होती. बारीक. ती कुठे आहे?"

मला तेव्हा कळलं. माशी जागेवर बसवली की कारागीर दोन्ही भागांवरून एक रेघ ओढतो. कधी काढली तरी रेघेला रेघ जुळवून परत तिथेच बसवता यावी म्हणून. गंज समजून मी ती घासून टाकली होती.

"ती मी ओढली होती," तुम्ही म्हणालात. "रतनसाठी."

आतून नंदाचा आवाज आला, "आबा, भाकर आत्ता देऊ का थोडा वेळ पडता?"  मला विचारलंत, "काढताना कुठे होती, लिहिलंय ना?"

"हो," मी म्हणालो.

"आकडा आहे?"

"आहे. एक पूर्णांक दोन दशांश."

आबा, तो आकडा मी उभ्या उभ्या बनवला. आयुष्यात मी एवढा एकच आकडा बनवला. नापास नग पास करावा म्हणून लोकांनी माझे पाय धरले होते, तेव्हाही बनवला नव्हता. तुमच्यासमोर बनवला, कारण तुमचा चेहरा पाहवत नव्हता. आणि खरं सांगायचं तर, "जवाईना आकडा चुकत नही" हे वाक्य मला जाऊ द्यायचं नव्हतं.

तुमच्या खांद्यांतला ताण गेला. "मग झालं," तुम्ही म्हणालात. "तुमचा आकडा आहे तर झालं. त्यावर बसवा." आणि त्या दिवशी जेवताना तुम्ही पहिल्यांदाच रतनकाकांबद्दल बोललात. ते बोरं खिशात भरून कवायतीला कसे जायचे आणि त्यांच्या बिया साहेबाच्या बुटांपाशी कशा सापडल्या. तुम्ही एवढे हसलात की नंदानं तुमच्या पाठीवर हात फिरवला. मी कळण्याची भाकर चावत बसलो होतो. 

पुढच्या शनिवारी मी माशी बसवली. आठवत होतं तेवढं डोळ्यांसमोर आणलं आणि एक पूर्णांक दोन दशांश उजवीकडे सरकवली. पण आबा, काढताना मी नळीचं तोंड माझ्याकडे करून रायफल शिकंज्यात धरली होती. समोरून बघणाऱ्याची उजवी बाजू ही नेम धरणाऱ्याची डावी असते. समोरून मी ती माझ्या उजवीकडे सरकलेली पाहिली होती आणि बसवताना, रायफल नेम धरणाऱ्याच्या बाजूनं ठेवून, पुन्हा माझ्या उजवीकडेच सरकवली. माझ्या खोलीत उमेदवारी करायला आलेल्या मुलांना मी पहिल्याच दिवशी शिकवतो, आधी कुठून बघताय ते लिहा, मग माप लिहा. तेच मी लिहिलं नव्हतं.

नंदा शेजारी बसून तुमच्या पायांना तेल लावत होती. तुम्ही नख फिरवलंत. नख माशीवर आलं आणि तिथेच थांबलं.  तुम्ही तोंड उघडलंत, नंदाकडे मान वळवलीत, आणि म्हणालात, "बरं."

एवढंच. मग म्हणालात, "आत ठेवा. माले पडू द्या."

मला वाटलं, निभावलं.

तुमचा एक नियम होता. तो मला सव्वीस वर्षं माहीत होता, पण त्या क्षणी आठवला नाही. मुलीसमोर जावयाची चूक काढायची नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी तुमच्या शेतातली विहिरीची मोटर जोडताना वायर उलट जोडून ती जाळली होती. तुम्ही नंदाला सांगितलंत की मोटर जुनीच होती. दोन दिवसांनी मला शेतात एकट्याला गाठून म्हणालात, "जवाईबापू, मोटर नवी होती." पुढे त्याचा उच्चार कधी केला नाहीत.

तसं एकट्याला गाठायला या वेळी तुम्हाला वेळ मिळाला नाही. सोमवारी सकाळी तुम्हाला धाप लागली आणि धुळ्याला दवाखान्यात हलवलं. मी मंगळवारी रजा काढून आलो. नंदा तुमच्या उशाशी होती, तिथून हलायला तयार नव्हती. सकाळी अकराचा सुमार असेल. तुम्ही डोळे उघडलेत, ते कुठेच बघत नव्हते, आणि म्हणालात,

"चार बोटं डावीकडे."

नंदा म्हणाली, "अहो, मान अवघडलीय त्यांची. उशी सरकवा जरा."

मी उशी डावीकडे सरकवली. माझी चार बोटं लावून, मोजून सरकवली.

तुम्ही डोकं हलवलंत. "चार बोटं. डावीकडे." आवाज जरा चढला. मी उशी आणखी सरकवली. नंदा म्हणाली, "आता पडतील ते, नीट धरा." मग तुमचा हात चाचपडत आला आणि माझ्या मनगटावर पडला. चार बोटं, घट्ट. तुम्हाला आधार हवा आहे असं मला वाटलं. मी दुसरा हात त्यावर ठेवला आणि म्हणालो, "मी आहे, आबा." तुम्ही बोटं काढून घेतलीत. थोड्या वेळानं म्हणालात, "माले पानी दे." ते अहिराणीत होतं. त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत, आणि गुरुवारी पहाट उजाडल्यावर गेलात.

बाराव्या दिवशी हिंमतभाऊ आले, तुमच्याबरोबर चांदमारीला असायचे ते. जेवण झाल्यावर ओट्यावर बसून ते रतनकाकांचं बोलायला लागले. "रतन्या म्हंजे गंमत होती. पाच गोळ्या, पाची एका जागी, झाकणाखाली झाकतील अशा. पण मधे एक नही. बठ्ठ्या डावीकडे. का? कोनाले कळलं नही. आबानी त्याले शिव्या दिल्या, उभं करून, बसून, झोपवून बघितलं. नहीच. शेवटी आबा लक्ष्याजवळ गेला, बोटं लावली. चार बोटं डावीकडे. मग रतन्याची माशीच सरकवून दिली. तवापासून रतन्या मधे. आम्ही त्याले म्हनायचो, तुझी चूक तुझ्या भावानं रायफलीत भरून ठेवली."

मी ओट्यावरून उठलो. नंदाला वाटलं मला भोवळ आली.

गोळी डावीकडे, माशी डावीकडे. चार बोटं डावीकडे. तुम्ही उशीबद्दल बोलत नव्हता. उशीबद्दल बोलायचं असतं तर पाणी मागितलंत तसं अहिराणीत मागितली असतीत. तुम्ही नोकरीच्या मराठीत बोललात, मैदानावरच्या आवाजात, आणि दोनदा बोललात. माझा आकडा खोटा आहे हे नखाला कळल्यावर तुम्ही मला खरं माप दिलंत. नंदा शेजारी होती म्हणून "माशी" हा शब्द तेवढा गाळलात. मुलीसमोर जावई उघडा पडू नये म्हणून, मरायला टेकलेले असताना. आणि मी तुमची उशी ओढत होतो. शेवटी बोलून भागेना म्हणून तुम्ही माप माझ्या मनगटावर ठेवलंत, तर मी म्हणालो, "मी आहे."

यावर आपलं भांडण व्हायला हवं होतं, आबा. तुमचा नियम चुकीचा होता. नंदाला माझी चूक कळली असती तर काय झालं असतं? तिला माझ्या चुका तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहेत. "जवाईबापू, माशी उलटी शे" एवढे चार शब्द तिच्यासमोर बोलला असतात तर मी तिथल्या तिथे कबूल झालो असतो. असं आता म्हणतो. खोटा आकडा सांगताना मी कबूल झालो नव्हतो, हेही खरं आहे. तुम्ही मला ओळखून होतात.

त्याच संध्याकाळी मी नंदाला सगळं सांगितलं. मोटरीपासून. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मोटरचं मला माहीत होतं. आबांनीच सांगितलं होतं." आणि रडायला लागली. तुम्ही नेमकं काय सांगितलं होतंत, कधी सांगितलं होतंत, हे मी तिला विचारलं नाही. म्हणजे तुम्ही नियमही पूर्ण पाळत नव्हता. हे कळल्यावर बरं वाटलं की वाईट, ते मला ठरवता आलेलं नाही.

बाजू कळली होती, माप राहिलं होतं. पंचवीस यार्डांवर चार बोटं म्हणजे माशी किती मिलिमीटर, हे गणित दोन ओळींचं आहे. एकोणपन्नास सेंटीमीटर माझ्याकडे आहे. पंचवीस यार्ड माझ्याकडे आहेत. तुमची चार बोटं माझ्याकडे नाहीत. "जाळशात तवय मोजी ल्या," तुम्ही म्हणाला होतात. स्मशानात लाकडं रचताना तुमचा उजवा हात बाहेर घसरला होता. मीच तो उचलून आत घेतला. माझ्या शर्टाच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी होती, ती नेहमीच असते. ती खिशातच राहिली.

मनगटावर तुमची बोटं घड्याळाच्या पट्ट्यापासून वर कुठपर्यंत आली होती, ते आठवून पाहिलं. आठवत नाही. आठवलं असतं तरी आता माझ्या आठवणीचा आकडा मी धरणार नाही.

नंदानं हात पुढे केला. "माझा मोजा," ती म्हणाली. तिचा हात तुमच्यावर गेला आहे. आमच्या लग्नात कासाराकडे तिच्या मापाच्या बांगड्या मिळेनात, तेव्हा तुम्ही भर मांडवात स्वतःचा पंजा तिच्या पंजाला लावून दाखवला होतात. बायका हसल्या होत्या, ती रागावली होती. मी चार बोटं जुळवून मधल्या पेरांवर व्हर्नियर लावला. सात पूर्णांक चार सेंटीमीटर. माशीला एक पूर्णांक अठ्ठावन्न शतांश मिलिमीटर. तुमचा हात त्याहून रुंद असणार. आठ धरले तर एक पूर्णांक एकाहत्तर. फरक तेरा शतांशांचा. माझ्या खोलीत तेरा शतांशाला नग नापास होतो.

रविवारी सकाळी आम्ही दोघांनी माशी हलवली. तुमची खाट रिकामी होती, नंदानं तिच्यावर वाळवण घातलं होतं. रायफल नेम धरणाऱ्याच्या बाजूनं ठेवली आणि कुठून बघतो आहे ते आधी वहीत लिहिलं. दांडी लावली, ठोका दिला. आवाज बरोबर होता की नाही, सांगायला कोणी नव्हतं. नंदाच्या हाताचंच माप धरलं, दुसऱ्या कोणत्याही आकड्यावर माझा विश्वास नव्हता. मग माशीवरून खालच्या खाचेपर्यंत बारीक रेघ ओढली. तुमच्या रेघेच्या जागी ती असेलच असं नाही. रतनकाकांची चूक एवढी एकच गोष्ट मागे राहिली होती. ती मी पॉलिश पेपरनं पुसली आणि आता तिच्या जवळपासची दुसरी एक चूक तिथे ठेवली.

मुख्यालयाला रायफलीबरोबर एक तक्ता द्यायचा होता, पेटीत शेजारी लावायला. तो मीच आखला आहे. लांबी, वजन, नंबर, लाकूड, सगळं लिहिलं. माशीच्या ओळीत मिलिमीटर लिहिले नाहीत. लिहिलं, "नेमबाजाच्या डावीकडे, चार बोटं." तळाशी, सवयीनं, दोन सह्यांच्या जागा आखल्या होत्या, बसवणारा आणि तपासणारा. पहिल्या जागी मी सही केली.

आज दुपारी मुख्यालयातून फोन आला. तिथला कारकून चांगला माणूस आहे. म्हणाला, "साहेब, तक्ता मिळाला. दोन शंका होत्या. ही बोटं म्हणजे नक्की किती, तेवढा आकडा द्याल का?"

मी म्हणालो, "आकडा नाही माझ्याकडे."

"बरं. आणि खाली तपासणाऱ्याची सही राहिलीय."

"हो," मी म्हणालो. "ती जागा तशीच राहू द्या."